घरचं बियाणं, पेटंट आणि कलम ३९: नेमकं काय चालतं, काय नाही?

वऱ्हाडी_मुलुंडात

शेतकरी बोमन विरुद्ध बियाणं कंपनी मोन्सॅन्टो या अमेरिकन निकालाचा एक जुना मजकूर गाववाल्यांच्या ग्रुपांवर परत फिरतोय. शेवटची ओळ ठरलेली: "आता भारतातही घरचं बियाणं पेरलं की कंपनी कोर्टात खेचणार." नोकरी मुंबईत आणि शेती गावी, अशी बरीच मंडळी इथे आहेत, म्हणून वेगळा धागा काढतोय.

प्रश्न चार. बोमनच्या खटल्यात नेमकं काय झालं? आपल्याकडे बियाण्यावर पेटंट मिळतं का? बीटी कपाशीची (बोंडअळीला मारणारं जनुक घातलेली कपाशी) सरकी राखून पेरली तर कायद्याने आणि शेतात काय होतं? आणि सातबाऱ्यावर नाव आहे पण मुक्काम मुंबईत, असा माणूस कायद्याच्या लेखी शेतकरी ठरतो का?

बीटी चांगलं की वाईट, यावर जुने धागे भरपूर आहेत. तो वाद तिकडे.

कलमकसाई

आधी बोमन, कारण फिरणाऱ्या मजकुरात अर्धंच सांगितलंय.

इंडियाना राज्यातला हा शेतकरी. मुख्य पेऱ्यासाठी तो राउंडअप रेडी (ग्लायफोसेट या तणनाशकाने न मरणारं) सोयाबीन रीतसर विकत घ्यायचा, करारावर सही करायचा आणि त्यातलं बी राखायचा नाही. भांडण दुसऱ्या, उशिराच्या पेऱ्याचं. उशिराच्या पिकात जोखीम जास्त, महाग बियाणं परवडत नाही, म्हणून तो धान्य कोठारातून सरमिसळ सोयाबीन स्वस्तात आणून पेरायचा. वरून ग्लायफोसेट मारायचा. मरायचं ते मरे, उरायचं ते राउंडअप रेडी. त्याचे दाणे पुढच्या उशिराच्या पेऱ्याला. १९९९ पासून आठ हंगाम हा क्रम चालला.

१३ मे २०१३ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्या विरोधात निकाल दिला; निकालपत्र न्या. एलेना केगन यांचं. भरपाई ८४,४५६ डॉलर. तर्क असा: पेटंटची वस्तू एकदा विकली की त्या वस्तूवरचा पेटंटधारकाचा हक्क संपतो. ते सोयाबीन खा, गुरांना घाला, पुढे विका. पण विकत घेतलेल्या वस्तूपासून तशीच नवी वस्तू बनवण्याचा हक्क विक्रीबरोबर येत नाही. "दाणा आपोआप उगवतो, त्यात माझा काय हात" हा युक्तिवाद टिकला नाही, कारण पेरणी, फवारणी आणि निवड त्याने स्वतः केली होती. निकाल या प्रकरणापुरताच आहे, स्वतःची नक्कल करणाऱ्या प्रत्येक वस्तूबद्दल आम्ही बोलत नाही, हेही न्यायालयाने लिहून ठेवलंय. हा भाग फॉरवर्डमध्ये कधीच नसतो.

हे सगळं अमेरिकन पेटंट कायद्याखाली. तिथे रोपांवर आणि बियाण्यांवर साधं पेटंट चालतं, हे २००१ च्या पायोनियर खटल्यात पक्कं झालं. गंमत म्हणजे अमेरिकेच्याच १९७० च्या वाण संरक्षण कायद्यात शेतकऱ्याला बी राखायची मुभा आहे. पेटंट कायद्यात नाही. कंपन्या पेटंटकडे धावल्या त्या त्याचमुळे.

मोहरी_फोडणी

कॅनडाच्या श्माइजर या शेतकऱ्याचं काय? त्याच्या शेतात वाऱ्याने बी आलं आणि तरी तो हरला, असं सगळीकडे लिहिलेलं असतं.

कलमकसाई

वारा हा त्या गोष्टीचा फक्त पहिला भाग. शेजारून की रस्त्याकडेला सांडलेल्यातून, पण राउंडअप रेडी कॅनोला (मोहरीवर्गातलं तेलबी) त्याच्या शेतात आला. त्याने विजेच्या खांबांभोवती ग्लायफोसेट मारलं, तेव्हा बरीच झाडं तगली. त्या भागातलं बी त्याने राखलं आणि १९९८ मध्ये सुमारे १,०३० एकरांवर पेरलं. तपासणीत ९५ ते ९८ टक्के झाडं राउंडअपला दाद न देणारी निघाली. २००४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी पेटंटभंग मान्य केला, पण एक छदामही द्यायला लावला नाही, कारण त्या जनुकामुळे त्याला जास्तीचा नफा झाला नव्हता. म्हणजे न्यायालयाने वाऱ्यावर आलेल्या बियाला दोष दिला नाही. जाणूनबुजून निवडून, राखून, पुन्हा पेरण्याला दिला.

दाणाबंदर

मग वाशीचा प्रश्न. एपीएमसीच्या दाणा बाजारातून सोयाबीनचं पोतं उचललं आणि गावी नेऊन पेरलं, तर तो इथला बोमन होतो का?

सरकी

नाही होत. भारतात जनुकीय बदल केलेलं सोयाबीन पेरायला परवानगीच नाही, त्यामुळे इथल्या बाजारातल्या सोयाबीनमध्ये कुणाचं पेटंट असलेलं जनुक असण्याचं कारण नाही. २०२१ मध्ये १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला मुभा दिली, न्हावा शेवाला उतरलीही. पण ती तेल काढलेली, भरडलेली पेंड. कोंबड्यांसाठी. पेरून काही उगवत नाही.

खरी अडचण उगवणीची आहे. सोयाबीनचं टरफल पातळ आणि अंकुर त्याच्या लगेच खाली. बाजारातला माल मळणी यंत्रातून जोरात निघालेला, पोती फेकलेली, थप्पी आठ-दहा पोत्यांची. दाणा वरून पिवळाधमक आणि आतून मेलेला. बियाण्यासाठी मळायचं तर ओलावा १३ ते १४ टक्के असताना, ड्रमचे फेरे मिनिटाला ३५० ते ४०० च्या आत. नंतर ताडपत्रीवर वाळवून १२ टक्क्यांच्या खाली आणायचं. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून लांब, एकावर एक चार-पाचच.

पेरणीआधी घरी चाचणी: ओल्या गोणपाटावर १०० दाणे, दहाच्या दहा ओळी, दीड-दोन सेंटिमीटर अंतराने. वर दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत, रोज पाणी शिंपडायचं. सहा-सात दिवसांनी मोजायचं. फक्त सरळ मूळ आणि धड कोंब असलेले मोजा. नुसता फुगलेला किंवा वाकडा कोंब धरू नका. असे तीन-चार संच करून सरासरी घ्या. ७० आले तर एकरी ३० किलो. त्याखाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवा, म्हणजे ६० ला ३५ किलो. त्याहून फार खाली असेल तर ते तेलालाच द्या. दुबार पेरणीचा खर्च बियाण्याच्या बचतीपेक्षा कितीतरी मोठा असतो.

जेएस ३३५, फुले संगम, एमएयूएस ७१ अशी सगळी सरळ वाणं आहेत, त्यामुळे दोन-तीन वर्षं घरचं बी बिनधास्त चालतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी भेसळ वाढते, तेव्हा प्रमाणित पिशवी आणून बदला.

मोहरी_फोडणी

+१. गोणपाटाच्या जागी जुनं वर्तमानपत्रही चालतं. थिरम (बुरशीनाशक) लावलेलं बी चाचणीला घेतलंत तर हात धुवा.

कलमकसाई

आता भारतातला कायदा. दोन कायदे आहेत आणि दोन्ही वेगळ्या गोष्टींवर बोलतात. सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

पहिला, पेटंट कायदा १९७०. कलम ३(ज), इंग्रजी प्रतीत 3(j), जे २००२ च्या दुरुस्तीने आलं: वनस्पती, त्यांचा कुठलाही भाग, बियाणं, वाण, प्रजाती आणि मूलतः जैविक स्वरूपाच्या पैदासप्रक्रिया यांना पेटंट नाही. सूक्ष्मजीव याला अपवाद. म्हणजे "या बियाण्यावर पेटंट" असं इथे थेट मिळत नाही. पण प्रयोगशाळेत बनवलेल्या जनुकाच्या क्रमावर, किंवा तो पेशीत घालण्याच्या पद्धतीवर मिळू शकतं का? भांडण तिथे झालं. बोलगार्ड २, म्हणजे बीटी कपाशीतलं मोन्सॅन्टोचं तंत्र. त्याचं भारतीय पेटंट क्रमांक २१४४३६, २००८ मध्ये मंजूर. दावे १ ते २४ पद्धतीचे, २५ ते २७ जनुकक्रमाचे. एप्रिल २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ३(ज) लावून ते रद्द ठरवलं. ८ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला ठेवून सांगितलं की हा तांत्रिक पुराव्याचा विषय आहे, साक्षीपुरावे घेऊन रीतसर खटला चालवा. खटला चालून निकाल लागण्याआधीच नोव्हेंबर २०१९ मध्ये पेटंटची २० वर्षं भरली, आणि २०२१ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपसात मिटवलं. जनुकाचं पेटंट रोपापर्यंत पोचतं का, याचं भारतातलं अंतिम उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

एक गोष्ट मुद्दाम: हा खटला कंपनी विरुद्ध कंपनी होता. प्रतिवादी बियाणं कंपनी, वाद परवाना शुल्काचा. शेतकरी त्यात पक्षकार नव्हता.

दुसरा, वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१. कलम ३९(१)(चार): शेतकऱ्याला आपलं शेतउत्पादन, संरक्षित वाणाच्या बियाण्यासह, राखण्याचा, वापरण्याचा, पेरण्याचा, पुन्हा पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचाही हक्क. बंधन एकच, 'ब्रँडेड' म्हणून विकायचं नाही. ब्रँडेडचा अर्थ कलमातच दिलाय: पिशवीत किंवा डब्यात भरून, हे अमुक संरक्षित वाणाचं आहे असं दिसेल अशी चिठ्ठी लावलेलं. बाजारच्या दिवशी उघड्या पोत्यातून विकलंत तर या कलमाखाली चालतं. पिशवी शिवून वर वाणाचं नाव छापलंत की हक्क गेला.

शेतकरी ते शेतकरी विक्रीला बियाणे कायदा १९६६ चं कलम २४ ही सूट देतं: स्वतः पिकवलेलं बी स्वतःच्या आवारातून, पेरणाऱ्याला थेट दिलं तर तो कायदा लागू होत नाही.

जनुकी

कलमकसाई, इथे एक अडचण आहे. कलम ३९ ची सुरुवात "या अधिनियमात काहीही असले तरी" अशी आहे. 'या' अधिनियमात. पेटंट कायद्यात काहीही असले तरी, असं म्हटलेलं नाही. आणि पेटंट कायद्यात शेतकऱ्यासाठी वेगळी सूट कुठेही नाही. उद्या एखाद्याकडे जिवंत जनुक पेटंट असेल आणि त्याने पेटंट कायद्याच्या कलम ४८ खाली (पेटंटधारकाचे हक्क सांगणारं कलम) शेतकऱ्यावर दावा लावला, तर ३९ ची ढाल पुरेल का?

युरोपने ही फट आधीच बुजवली. १९९८ च्या जैवतंत्र निर्देशाचं ११ वं कलम शेतकऱ्याची मुभा थेट पेटंट हक्कालाच लावतं. ठराविक पिकांत बी राखता येतं; मोठा शेतकरी त्याचे थोडे पैसे देतो. ९२ टन धान्य पिकेल एवढ्या किंवा त्याहून कमी जमिनीचा शेतकरी काहीच देत नाही. आपल्याकडे तसं एक वाक्य पेटंट कायद्यात हवं होतं.

कलमकसाई

३९ पुरतं बरोबर. पण पुढे जाऊन कलम ९२ वाचा. "अन्य कोणत्याही कायद्यात, किंवा त्या कायद्यामुळे अंमलात असलेल्या कोणत्याही लेखात, विसंगत काही असले तरी" हाच कायदा प्रभावी. 'लेख' यात परवाना करारही येऊ शकतो. वर २००१ चा कायदा विशेष, शेतकऱ्यांपुरता. माझ्या मते ढाल पुरते.

जनुकी

'विसंगत' हा शब्द मोठा आहे. समोरचा वकील म्हणेल, विसंगती नाहीच: ३९ वाणाबद्दल बोलतं, पेटंट जनुकाबद्दल, दोन्ही एकाच दाण्यात शेजारी नांदतात. न्यायालय ते मान्य करेल असं मलाही वाटत नाही, पण "शेतकऱ्याला शून्य धोका" असं छातीठोक लिहायला मी तयार नाही. अजाणता झालेल्या भंगातला फरकही बघा. वाण कायद्याचं कलम ४२ म्हणतं की हक्क असल्याचं शेतकऱ्याला माहीत नसेल तर भंगच धरायचा नाही. पेटंट कायद्याचं १११ फक्त नुकसानभरपाई माफ करतं, तीही माहीत नव्हतं आणि माहीत असण्याचं वाजवी कारणही नव्हतं हे सिद्ध केलं तर. मनाईहुकूम तरीही निघू शकतो.

गिरगाव_चाळ_नं_४

गुजरातच्या बटाट्याचं पण सांगा कुणीतरी. तो पेटंटचाच खटला होता ना?

कलमकसाई

नाही, वाण हक्काचा. एफएल २०२७ हा वेफरचा बटाटा. २०१९ मध्ये पेप्सिकोने चार शेतकऱ्यांवर प्रत्येकी १ कोटी ५ लाखांचे दावे लावले, ओरड झाली, मे महिन्यात मागे घेतले. नंतर त्या वाणाची नोंदणीच रद्द करावी असा अर्ज झाला. ३ डिसेंबर २०२१ ला वाण कायद्याखालच्या प्राधिकरणाने ती रद्द केली, जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी ते कायम ठेवलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये खंडपीठाने फिरवलं. या दुसऱ्या फेरीत मुद्दे मुख्यतः अर्जातल्या तपशिलांचे आणि कागदपत्रांचे. शेतकऱ्याने तो बटाटा पुन्हा लावला तर चालतं का, हा प्रश्न पूर्ण सुनावणी होऊन निकालात निघालाच नाही. "पेप्सिको जिंकली म्हणजे ३९ संपलं" असं कुणी लिहिलं तर दुर्लक्ष करा.

वऱ्हाडी_मुलुंडात

मुंबईकर शेतकरी?

कलमकसाई

वाण कायद्याच्या कलम २(ट) मध्ये, इंग्रजी प्रतीत 2(k), शेतकऱ्याची व्याख्या आहे. स्वतः कसणारा, किंवा दुसऱ्याकरवी पण प्रत्यक्ष देखरेखीखाली कसून घेणारा, किंवा पारंपरिक वाणं जपणारा. मुलुंडला राहून वाण कोणतं, पेरणी कधी, खत किती हे तुम्ही ठरवत असाल, खर्च तुमचा असेल, पेरणीला-काढणीला जाऊन उभे राहत असाल, तर दुसऱ्या गटात बसता. ठोक रक्कम घेऊन जमीन मक्त्याने दिली आणि वर्षाकाठी फक्त पैसे उचलले, तर ३९ चा हक्क मक्तेदाराचा, तुमचा नाही. सातबाऱ्यावरचं नाव इथे पुरत नाही. बियाण्याच्या पावत्या कुणाच्या नावावर आहेत ते बघा, पुढे वाद झाला तर देखरेखीचा पुरावा तोच.

सरकी

कपाशीकडे येतो, कारण कायदा सोडा, खरी गोम इथे आहे.

बाजारातलं जवळपास सगळं बीटी बियाणं संकरित आहे. दोन आई-बाप वाणांचा पहिला संकर म्हणजे पाकिटातलं बी. त्या पिकाची सरकी जिनिंगमधून परत आणून पेरली की दुसरी पिढी येते आणि सगळं फुटतं. उंची वेगळी, बोंडं फुटण्याची वेळ वेगळी, धाग्याची लांबी वेगळी. संकराचा जोम हिशोबाने निम्म्यावर येतो. वेचणीला मजूर लावाल त्या दिवशी अर्ध्या झाडांची बोंडं मिटलेली.

आता जनुकं. बोलगार्ड २ मध्ये दोन आहेत, क्राय१एसी आणि क्राय२एबी, गुणसूत्रांवर वेगवेगळ्या जागी. बहुतेक संकरांत ती दोन्ही एकाच पालकाकडून आलेली असतात, म्हणजे पाकिटातल्या झाडात प्रत्येकाची एकच प्रत. त्याची सरकी पेरलीत तर दर १६ झाडांत साधारण ९ मध्ये दोन्ही जनुकं, ३ मध्ये फक्त पहिलं, ३ मध्ये फक्त दुसरं, आणि एकात काहीच नाही. गुलाबी बोंडअळीला याहून सोयीची शाळा नाही. आधी एका विषाची सवय, मग दुसऱ्याची.

शिवाय हे फुटणं बी राखल्यावरच होतं असं नाही. पाकिटातल्या पहिल्याच पिकाच्या बोंडातले दाणेही याच ९:३:३:१ ने भरतात, आणि गुलाबी अळी नेमकी दाणे खाते. जगात बहुतेक देश बीटी सरळ वाणांत वापरतात, आपण संकरात घातलं. २०१७ च्या खरिपात महाराष्ट्रात बोंडं किडली त्यामागे हे एक कारण. दुसरं फरदड (वेचणी संपल्यावरही पीक ठेवून पुन्हा बोंडं घेणं), तिसरं नॉन-बीटीची ओळ न लावणं.

मोहरी_फोडणी

आश्रयपिकाची, म्हणजे त्या नॉन-बीटी ओळीची, १२० ग्रॅमची वेगळी पुडी लोक बांधावर फेकून द्यायचे. आता नॉन-बीटी दाणे त्याच पाकिटात मिसळून येतात, ४७५ ग्रॅमचं पाकीट. या मिश्र पाकिटाचं पीक राखलंत तर भेसळ जन्मजातच.

दाणाबंदर

दुसऱ्या पिढीच्या कापसाला भाव कमी का मिळतो, ते माटुंग्याच्या सिरकॉटमध्ये (केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था) नमुना दिला की कळतं. सरासरी लांबी फार पडत नाही, पण आखूड धाग्याचं प्रमाण वाढतं आणि मायक्रोनेअर (धाग्याच्या बारीकपणाचं माप) इकडे-तिकडे पळतो. गिरणीला एकसारखा माल लागतो. जिनवाला मात्र नमुना-बिमुना बघत नाही. गाडी बघून क्विंटलमागे कापून मोकळा होतो.

वऱ्हाडी_मुलुंडात

मग बीटी राखता येईल असं बी आहे की नाही?

सरकी

आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेची सरळ बीटी वाणं: रजत बीटी, सुरज बीटी, पीकेव्ही ०८१ बीटी. यात फक्त क्राय१एसी आहे, आणि त्या पहिल्या जनुकावर, बोलगार्ड १ वर, भारतात पेटंट नव्हतंच. सरळ वाण असल्याने जनुक पक्कं बसलेलं, दरवर्षी तसंच उतरतं. हिरव्या बोंडअळीवर चालतं. गुलाबीने त्याला केव्हाच पचवलंय, म्हणून वाण लवकर येणारं घ्या, डिसेंबरात शेत मोकळं करा, एकरी दोन कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग दिसले की फवारणी.

राखायचं कसं: दुसऱ्या कपाशीपासून निदान ३० मीटर आतला पट्टा निवडायचा, मधमाश्यांमुळे थोडा परपराग होतोच. वेगळी, जरा उंच, वेगळ्या पानाची झाडं फुलण्याआधी उपटा. पहिली आणि शेवटची वेचणी बियाण्याला नको, मधल्या दोन. जिनिंगमध्ये मिसळतं, म्हणून हातरेच्यावर किंवा रेचा साफ करून घेऊन काढा.

लव काढायला किलोमागे १०० मिली व्यापारी गंधकाम्ल. प्लास्टिकची बादली, लाकडी दांडा, हातमोजे, चष्मा. लोखंडी घमेलं वापरायचं नाही, आणि आम्लात पाणी ओतायचं नाही. दोन-तीन मिनिटं जोरात ढवळा, दाणा कॉफीच्या रंगाचा झाला की लगेच भरपूर पाण्यात टाका. पाच मिनिटं जास्त राहिलं की अंकुर भाजतो. चार-पाच पाण्यांनी धुवायचं, एकदा चुन्याच्या निवळीने. तरंगणारे दाणे फेका, बुडालेले सावलीत वाळवा. सरळ वाणाला दाट पेरा असल्याने एकरी पाचेक किलो लागतात. पाकिटाच्या सवयीने अर्धा किलो राखून ठेवू नका.

गिरगाव_चाळ_नं_४

पाकिटाच्या किमतीत पेटंटचे पैसे किती असायचे?

जनुकी

शेतकरी कंपनीशी करार करत नाही, अमेरिकेसारखी सही इथे कुठेच नसते. शुल्क बियाणं कंपनी तंत्रज्ञानवाल्याला देते आणि पाकिटाच्या किमतीत वसूल करते. सुरुवातीला ४५० ग्रॅमच्या पाकिटात १,२५० रुपये नुसतं तेच होतं, २००६ मध्ये आंध्रने मक्तेदारी आयोगाकडे तक्रार केली ती त्यावरूनच. डिसेंबर २०१५ च्या आदेशानंतर केंद्र किंमत ठरवतं. २०१६ मध्ये बोलगार्ड २ चं पाकीट ८०० रुपये, त्यात गुणशुल्क (हेच तंत्रज्ञानाचे पैसे) ४९. २०१८ ला ७४० मध्ये ३९, २०१९ ला ७३० मध्ये २०, आणि २०२० पासून शून्य. २०२५ मध्ये पाकीट ९०१ रुपये, आणि त्यात पेटंटचा एक पैसा नाही. "पेटंटमुळे बी महाग" हे आता म्हणता येत नाही. आता महाग असेल तर संकर दरवर्षी विकत घ्यावा लागतो म्हणून.

पण एक बाजू बंद पडली तेही लिहायला हवं. शुल्क असं खाली आलं, आणि २०१६ मध्ये तणनाशक सहन करणाऱ्या पुढच्या कपाशीचा मंजुरीचा अर्ज मागे घेतला गेला. कारणं काहीही धरा, त्यानंतर कपाशीत नवं जनुक अधिकृतपणे आलेलं नाही.

वऱ्हाडी_मुलुंडात

अधिकृतपणे. कारण चोरबीटी, म्हणजे मंजुरी नसलेली, तणनाशक सहन करणारी कपाशी, गावोगाव आहे.

सरकी

आहे, आणि तिथे लोक पेटंटला घाबरतात, पण मुख्य अडचण ती नाही. लागतो तो पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ आणि १९८९ चे नियम: मंजुरी नसलेलं जनुकीय बियाणं. आधी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड होता. जनविश्वास कायद्याने एप्रिल २०२४ पासून कैद काढली आणि १० हजार ते १५ लाखांपर्यंत दंड ठेवला. कलम ३९ इथे काही कामाचं नाही, ते बौद्धिक हक्कापुरतं आहे. जून २०१९ मध्ये अकोल्याच्या अकोली जहागीरला शेतकरी संघटनेने उघड पेरणी केली ती याच कायद्याविरुद्ध.

शेतातलं गणित वेगळं. चोरबीटी म्हणून विकतात त्यात बरंचसं दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचं असतं. तणनाशक सहन करणारं जनुक एका प्रतीत असेल, तर पुढच्या पिढीत चारातलं एक झाड त्याशिवाय येतं. ग्लायफोसेट मारलं की ती झाडं तणाबरोबर जळतात आणि ओळीत खिंडारं पडतात. फवारण्याआधी पट्टी चाचणी करा: पानाचा नखाएवढा तुकडा कुपीत अर्धा मिली द्रावणात चुरडायचा, पट्टी बुडवायची, दहा मिनिटं. वरची रेघ नियंत्रणाची, ती नाही उमटली तर पट्टीच बाद. खालची उमटली तर ते प्रथिन आहे. पट्टी प्रथिनागणिक वेगळी. क्राय१एसीच्या पट्टीवर तणनाशकाचं जनुक दिसत नाही. दहा-वीस झाडं वेगवेगळी तपासा, एकत्र चुरडून नाही, नाहीतर एक होकार सगळ्यांना झाकतो.

आणि बिल नाही, लॉट नंबर नाही, म्हणून उगवलं नाही तरी तक्रार कुणाकडे करणार?

कलमकसाई

अधिकृत पाकिटाची तक्रार कशी करायची ते इथेच देतो, कारण लोक पाकीट फाडून फेकतात. पाकीट खालून कापा, टॅग आणि लॉट शाबूत राहील असं. त्यात मूठभर बी ठेवा. पावतीवर वाण आणि लॉट लिहून घ्या. कृषी सेवा केंद्रवाला नुसतं "कापूस बी" लिहितो. उगवण कमी दिसली की आठवडाभरात तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज, पोच घ्या. तालुका समिती येऊन पंचनामा करते. समिती येईपर्यंत शेत मोडू नका. दुबार पेरणीची घाई असेल तर निदान एक पट्टा तसाच सोडा. कपाशीला महाराष्ट्राचा २००९ चा वेगळा कायदा आहे, त्याखाली भरपाई मागता येते. नोंदणीकृत वाण सांगितल्याप्रमाणे आलं नाही तर वाण कायद्याचं ३९(२) आहे, दावा प्राधिकरणापुढे. त्याची एक शाखा पुण्यात आहे.

आणि एखाद्या जनुकावर भारतात पेटंट जिवंत आहे का, हे घरबसल्या बघता येतं. त्यासाठी अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात खेटे घालायची गरज नाही. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर सार्वजनिक शोध आहे. अर्जदाराचं नाव आणि जनुकाचं नाव टाका, मंजूर पेटंटचा क्रमांक घ्या, मग ई-रजिस्टर उघडा. तिथे नूतनीकरण शुल्क कुठपर्यंत भरलंय ते दिसतं. शुल्क थकलं असेल तर पेटंट मेलेलं. २० वर्षं अर्जाच्या तारखेपासून मोजायची, मंजुरीच्या नाही. बातम्यांत हा घोळ नेहमी असतो.

मोहरी_फोडणी

मे २०२५ मध्ये जाहीर झालेली जनुक-संपादित भाताची दोन वाणं? कमला आणि पुसा डीएसटी राईस १. त्यांचं बी राखता येईल?

जनुकी

दोन्ही सरळ वाणं. कमला सांबा मसूरीतून, पुसाचं एमटीयू १०१० मधून. बाहेरचं जनुक ठेवलेलं नाही, म्हणून जनुक-संपादित पिकांना जीएम नियमांतून दिलेल्या २०२२ च्या सवलतीत बसतात. शेतकऱ्याला ३९ खाली राखता येईल, आणि भात स्वपरागी असल्याने राखलेलं बी तसंच उतरेल. कपाशीत जो अडथळा संकराने घातला, तो इथे नाहीच.

पण संपादनाच्या हत्यारावर, म्हणजे जनुक कापणाऱ्या क्रिस्पर नावाच्या कात्रीवर, पेटंटं आहेत. पेटंट कायद्याचं कलम ४८(ख) म्हणतं, पद्धतीचं पेटंट असेल तर त्या पद्धतीतून 'थेट' मिळालेल्या उत्पादनावरही हक्क पोचतो. प्रयोगशाळेतलं पहिलं रोप थेट मिळालं, ठीक. त्याच्या दहाव्या पिढीचा, खळ्यावर राखलेला दाणा 'थेट' धरायचा का? माझं मत नाही, कारण तो परागीभवनातून आला, कात्रीतून नाही. बोमनच्या खटल्यात पेटंट जनुक आणि बियाण्याचं होतं, म्हणून प्रत्येक नवा दाणा भंग ठरला. इथे पेटंट पद्धतीचं आहे. कलमकसाई, ३(ज) आणि ४८(ख) एकत्र वाचून तुम्ही काय म्हणता?

कलमकसाई

निष्कर्ष तोच, पण माझा रस्ता वेगळा. ३(ज) ने बियाण्याला पेटंटबाहेर ठेवलंय. ते ४८(ख) च्या मागच्या दाराने आत आणू दिलं तर ३(ज) ला अर्थ उरत नाही, आणि न्यायालयं कायद्याचं कलम निरर्थक होईल असा अर्थ लावत नाहीत. कंपनीने भांडायचंच ठरवलं तर ती शेतकऱ्याला धरणार नाही, बियाणं वाढवून विकणाऱ्या संस्थेला धरेल. तिथे ३९ ची ढाल नाही, कारण ती संस्था २(ट) प्रमाणे शेतकरी नाही. शेतकरी उत्पादक कंपन्या काढून स्वतःच्या नावाने पिशव्या भरणाऱ्यांनी हे आधी वाचावं. सभासद शेतकरी असले तरी कंपनी स्वतंत्र व्यक्ती आहे, आणि छापील पिशवी म्हणजे ब्रँडेड.